टू-डी इको, मेसच्या मावशी आणि आमचा सिलॅबस

आधी एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. शाळेत मराठीचे आठवड्याला चार तास, आणि बाई फळ्याकडे वळल्या की त्या चार तासांतही आमची कुजबुज इंग्रजीतच. त्यामुळे संपादक मंडळातल्या ताईने "मराठी विभागासाठी काहीतरी दे" म्हटलं तेव्हा मी सरळ हात वर केले होते. (ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासून दिले आहेत. उरलेल्या चुका माझ्या.) तरीसुद्धा हा लेख मराठीतच लिहायचा असं मी नंतर ठरवलं. त्याचं कारण पुढे येईलच.

विषय आहे टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आई, बाबा, आजी, आजोबा, कोणाचा तरी इको झालेला असतो. फाइलमध्ये तो पंख्याच्या आकाराचा काळा-पांढरा फोटो असतो, खाली इंग्रजीत दहा-बारा ओळी असतात, आणि आपण फोनवरून "नॉर्मल आहे ना?" एवढं विचारून मोकळे होतो. मीही तेच करत आले. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत.

गर्ल्स हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या मावशी सगळ्यांना माहीत आहेत. हे सगळं त्यांना विचारून लिहिते आहे. "लिही की, पण नाव घालू नकोस, लेकीचं जमवायचंय," एवढीच त्यांची अट. तर मावशींचं वय अडतीस. कोणी आजारी पडलं की दुसऱ्या मजल्यावर डबा घेऊन त्या स्वतः यायच्या. दिवाळीनंतर आमच्या लक्षात आलं की त्या पहिल्या मजल्याच्या वळणावर थांबतात, कठड्याला धरून. आम्ही काय म्हणावं? "मावशी, वजन वाढलंय तुमचं!" आणि हसलो. त्याही हसल्या. पुढे कळलं की रात्री आडवं झालं की त्यांना खोकला यायचा, म्हणून त्या भिंतीला टेकून बसून झोपत होत्या. गल्लीतल्या दवाखान्यात कोणी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या होत्या, कोणी रक्त कमी आहे म्हणून टॉनिक.

कॉलेजच्या दवाखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर डॉक्टर येतात. मी माझ्या सर्दीसाठी जाताना मावशींना ओढून नेलं. माझी सर्दी दोन मिनिटांत संपली. मावशींच्या छातीवर मात्र डॉक्टरांनी स्टेथोस्कोप ठेवला तो काढायलाच तयार नाहीत. मग त्यांना डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि परत ऐकलं. शेवटी चिठ्ठीवर लिहिलं: ईसीजी, टू-डी इको. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "टू-डी म्हंजे दोन दिस ॲडमिट व्हायचं का? आन् नळी घालत्यात का त्यात, दुर्बिणीवानी?" मी एकदम तज्ज्ञ असल्यासारखं सांगितलं, "छे हो मावशी! ना ॲडमिट, ना नळी. वीस मिनिटांचं काम."

आता बसमध्ये त्यांना समजावून सांगायची पाळी माझी. मी ई अँड टीसी, थर्ड इयर. ट्रान्सड्यूसर झालाय, डॉप्लर झालाय, रडार तर याच सेमला आहे. आणि तोंडातून एक मराठी वाक्य नीट निघेना. "हार्टमध्ये ना, चेंबर्स असतात, आणि मध्ये व्हॉल्व्ह..." इथे अडले. व्हॉल्व्हला मराठीत काय म्हणतात? मावशींनी सोडवलं. "व्हॉल व्हय? मग फुटबॉल म्हण की. आमच्या हिरीत मोटारीच्या पायपाला खाली फुटबॉल असतोय. पाणी वर येऊ देतो, माघारी जाऊ देत नाही. त्यात चिखल बसला की नीट उघडत नाही, मोटार नुसती तापते. आन् गळायला लागला की पायपातलं पाणी सगळं परत हिरीत."

मी फुटबॉलवरच अडकले होते. रात्री मेकॅनिकलच्या एका मैत्रिणीने उलगडा केला, की अगं फूट व्हॉल्व्ह! पण बघा, उघडत नाही तो स्टेनोसिस, गळतो तो रिगर्जिटेशन. हृदयाच्या झडपांचे मुख्य आजार हे दोनच प्रकारचे, आणि ते मावशींनी मला बसमध्ये तिकीट काढता काढता सांगितले. झडप हा शब्दही मला त्यांच्याकडूनच मिळाला. म्हणून हा लेख मराठीत.

आता प्रत्यक्ष तपासणी. साध्या इकोसाठी उपाशीपोटी जावं लागत नाही. रोजच्या गोळ्या घेऊन जायचं, जुने रिपोर्ट असतील तर बरोबर न्यायचे. सुई नाही, भूल नाही, एक्स-रेसारखे किरण नाहीत. बायकांनी एकसंध ड्रेसपेक्षा साडी-ब्लाउज किंवा कुर्ता-सलवार घालून जावं, कारण छाती उघडी करावी लागते आणि पुढून उघडणारा गाऊन प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. हे कोणी आधी सांगत नाही आणि तिथे गेल्यावर माणूस ओशाळतो. तपासणारे डॉक्टर पुरुष असतील तर आत बाई मदतनीस असावी असं सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सांगा, लाजू नका. मावशींना हीच धास्ती होती, पण त्या सरकारी रुग्णालयात त्या दिवशी डॉक्टर मॅडमच होत्या, आमच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. दारावर 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. मावशी म्हणाल्या, "हितं कशाला आणलंस मला?" सोनोग्राफीच्या मशिनच्या खोलीबाहेर ही पाटी कायद्याने लावावी लागते, इतकंच.

मला आत येऊ दिलं. खोलीत अंधार असतो, तो स्क्रीन नीट दिसावा म्हणून. छातीवर ईसीजीचे तीन स्टिकर लावतात, म्हणजे हृदय आकुंचन पावतंय की प्रसरण पावतंय ते चित्राखालच्या रेषेवर कळतं. मग डाव्या कुशीवर झोपायचं, डावा हात डोक्याखाली. या स्थितीत हृदय छातीच्या भिंतीकडे सरकतं आणि मधलं फुप्फुस जरा बाजूला होतं. त्यानंतर जेल. थंडगार! मावशी दचकल्याच. मॅडम प्रोब आधी छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या बाजूला ठेवतात, मग खाली स्तनाखाली, मग पाठीवर झोपवून गुडघे दुमडायला लावून फासळ्यांच्या खाली पोटावर, आणि कधी मान मागे करून गळ्याच्या खळग्यात. अधूनमधून "श्वास सोडा, थांबा... घ्या." प्रोब बऱ्यापैकी दाबतात. दुखतं असं नाही, पण फासळीवर रुततो. फार दाबलं तर सांगायचं, हात हलका करतात.

हे सगळे आसनांचे प्रकार कशासाठी, याचं उत्तर आपल्या सिलॅबसमध्ये आहे. एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना ध्वनीचा काही भाग परत फिरतो, आणि किती फिरणार ते दोघांच्या इम्पिडन्समधल्या फरकावर ठरतं. स्नायू आणि रक्त यांच्यात फरक थोडा, म्हणून थोडा प्रतिध्वनी येतो आणि बाकीचा ध्वनी पुढे जातो. हवा आणि कातडी यांच्यात मात्र फरक इतका प्रचंड की जवळपास सगळाच ध्वनी दारातून परत. त्यासाठी जेल. फुप्फुसात हवा, तिथूनही काही दिसत नाही. हाडातून जाणं कठीण. म्हणजे उरल्या दोन फासळ्यांमधल्या फटी. डॉक्टर मंडळी त्यांना खिडक्याच म्हणतात. मावशींना मी म्हटलं, बंद घरात कोण आहे हे चार फटींतून डोकावून बघायचं, तसं आहे. हे त्यांना पटलं.

प्रोबच्या तोंडाशी पिझोइलेक्ट्रिक स्फटिकांची रांग असते. क्युरी बंधूंनी, पिएर आणि जाक यांनी, १८८० मध्ये शोधलेला तो परिणाम. व्होल्टेज दिलं की थरथरतो आणि थरथरवला की व्होल्टेज देतो, म्हणजे तोच बोलतो आणि तोच ऐकतो. मोठ्या माणसांसाठी फ्रीक्वेन्सी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ. लहान मुलांची छाती पातळ, तिथे जास्त वापरता येते आणि चित्रही जास्त स्पष्ट येतं. प्रत्येक स्फटिकाला थोड्या थोड्या उशिराने पल्स दिली की किरण हवा तसा तिरपा वळतो. ओळखीचं वाटतंय ना? फेज्ड ॲरे रडार! फरक एवढाच की हा फासळ्यांच्या फटीत मावतो.

थोडं गणित करू, कॉम्प्युटरवाल्यांसाठी. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला १५४० मीटर धरतात. १५ सेंटिमीटर खोल जाऊन परत यायचं तर ३० सेंटिमीटर, म्हणजे जवळपास २०० मायक्रोसेकंद. पहिला प्रतिध्वनी आल्याशिवाय दुसरी पल्स सोडता येत नाही, म्हणून सेकंदाला पाच हजारांच्या आसपास पल्स. एका चित्राला १०० रेषा लागल्या तर सेकंदाला ५० चित्रं. फ्रेम रेटला इथे प्रोसेसरने नाही, ध्वनीच्या वेगानेच लगाम घातलाय. (आताची मशिन एका वेळी अनेक रेषा ऐकून यातूनही वाट काढतात.)

तेवढ्यात खोलीत मोठा आवाज आला. फुस्स... फुस्स... फुस्स. मावशींनी माझा हात घट्ट धरला. बहुतेक पेशंट इथे घाबरतात, आत काहीतरी बिघडलं असं वाटतं. हा डॉप्लर. धावणाऱ्या रक्तपेशींवरून परत येणाऱ्या ध्वनीची फ्रीक्वेन्सी किंचित बदलते. २.५ मेगाहर्ट्झचा प्रोब आणि रक्ताचा वेग सेकंदाला १ मीटर धरला तर फरक येतो सव्वातीन किलोहर्ट्झच्या आसपास. म्हणजे नेमका आपल्या कानाच्या टप्प्यात! तो फरक तसाच स्पीकरला देतात. आपण ऐकतो तो हृदयाचा आवाज नसतोच, तो वेगाचा आवाज असतो. क्रिस्टियान डॉप्लरने १८४२ मध्ये हे मांडलं ते जोडताऱ्यांच्या रंगासाठी. प्रोब प्रवाहाच्या सरळ रेषेत धरावा लागतो, तिरपा धरला तर कोसाइन थीटा वेग कमी दाखवतो. ६० अंशाला तर निम्माच. डॉक्टर मॅडम इतका वेळ मनगट फिरवत होत्या ते यासाठी.

मग स्क्रीनवर लाल-निळे रंग आले. मावशी नाही, यावेळी मी चुकले. "लाल शुद्ध रक्त आणि निळं अशुद्ध ना?" मॅडम हसल्या. शाळेच्या पुस्तकातलं चित्र डोक्यातून जात नाही. लाल म्हणजे प्रोबकडे येणारं रक्त, निळं म्हणजे दूर जाणारं. बस. शुद्ध-अशुद्धचा संबंध नाही. मावशींच्या झडपेपाशी मात्र लाल, पिवळा, निळा, हिरवा सगळा एकत्र खळाळ दिसत होता. मी मनात म्हटलं, अरे, हे तर एलियासिंग! पल्सचा दर पाच हजार असला तर अडीच हजार हर्ट्झच्या वरचा फरक मशिनला उलट्या दिशेचा वाटतो, सिनेमातल्या गाडीची चाकं उलटी फिरतात तसं. २.५ मेगाहर्ट्झला ही मर्यादा सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास येते. निरोगी माणसातही हे थोडंफार दिसतं, कारण रक्त यापेक्षा वेगाने सहज धावतं. पण मावशींचं रक्त फारच जोरात जात होतं, अरुंद फटीतून नदी जाते तसं. नायक्विस्टवर मला टर्म टेस्टला २० पैकी ९ मिळाले होते. त्या अंधाऱ्या खोलीत तो पहिल्यांदा समजला. आणि समजल्याचा आनंद व्हायच्या आधी हेही समजलं की मावशींना काहीतरी खरंच झालंय.

मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनो, आता तुमचा बर्नूली. झडपेच्या अलीकडे-पलीकडे दाबाचा फरक किती, हे पूर्वी हृदयात नळी घालूनच मोजायचे. आता नुसत्या वेगावरून काढतात. अर्धा गुणिले घनता गुणिले वेगाचा वर्ग. रक्ताची घनता १०६० घ्या, उत्तर पास्कलमध्ये येईल, त्याला १३३ ने भागा म्हणजे मिलिमीटर पारा. आकडा येतो जवळजवळ ४. म्हणून सूत्र एवढंच: दाबाचा फरक म्हणजे चार गुणिले वेगाचा वर्ग. जगभरचे हृदयतज्ज्ञ हेच वापरतात. मी रफ वहीत दोनदा करून बघितलं, ३.९८ येतं. मावशींच्या त्या झडपेतून, म्हणजे मायट्रल झडपेतून, रक्त सेकंदाला सव्वादोन मीटरने धावत होतं, म्हणजे शिखराला २० मिलिमीटर. निरोगी माणसात वेग १ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे ४. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, ही ओळ आपण परीक्षेत किती सहज लिहून येतो.

रिपोर्ट तासाभराने हातात आला. माझी नजर पहिल्यांदा गेली ती एल.व्ही.ई.एफ. ६० टक्के या आकड्यावर. मी मावशींना म्हटलं, "फर्स्ट क्लास आहे, पण डिस्टिंक्शन नाही." हे मी खरंच म्हटलं, आणि आज त्याची लाज वाटते, कारण मला वाटत होतं की पैकीच्या पैकी म्हणजे १००. ई.एफ. म्हणजे डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकलं जातं. १२० मिलिलिटर भरलं आणि ७० बाहेर गेलं तर ५८ टक्के. कोणाचंच हृदय सगळं रक्त फेकत नाही. साधारण ५५ ते ७० हे उत्तम. तुमच्या बाबांचा ६० आला तर पेढे वाटा. हा आकडा काढायला कप्प्याच्या चित्राचे पातळ चकत्यांसारखे भाग करून त्यांची घनफळं बेरीज करतात, आणि त्या पद्धतीला सिम्पसनचं नाव आहे. एम-थ्रीमध्ये ज्याच्या नावाने आपण बोटं मोडली तोच तो.

पण ई.एफ. ६० आणि तरी माणूस जिन्यात थांबतो, हे कसं? पंप चांगला आहे, पंपात पाणीच नीट येत नाहीये. फुटबॉलात चिखल. रिपोर्टात होतं मायट्रल स्टेनोसिस, झडपेचं तोंड १.२ चौरस सेंटिमीटर. मोठ्या निरोगी माणसाचं ४ ते ६ असतं. म्हणजे जिथे रुपयाच्या नाण्याएवढं तोंड हवं तिथे शर्टाच्या बटणाएवढं राहिलंय. मागचा डावा वरचा कप्पा फुगलेला, दाब मागे फुप्फुसात चढलेला. म्हणून दम, म्हणून आडवं झाल्यावर खोकला. ॲसिडिटी नव्हे.

मॅडमनी विचारलं, "लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का?" मावशी म्हणाल्या, "आला हुता की. पाचवीत. आधी घसा धरला, मग गुडघं सुजलं, मग मनगट. दोन महिने शाळा बुडाली, मग काय शाळा सुटलीच." हा संधिवाताचा ताप. घशात स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, शरीर त्यांच्याशी लढायला जी हत्यारं तयार करतं ती चुकून स्वतःच्याच झडपांवर चालतात. सांधे बरे होतात, झडप हळूहळू जाड होत, कडांना चिकटत जाते. वीस-पंचवीस वर्षं काही कळत नाही. दुसऱ्या बाळंतपणात मावशींना खूप दम लागला होता, तेव्हा कोणी इको केला असता तर तेव्हाच दिसलं असतं. पण केला नाही. एक साधी पेनिसिलीन पाचवीतल्या मुलीला वेळेवर मिळाली असती तर, या विचाराने मी परतताना बसमध्ये गप्प होते. मावशीच मला समजावत होत्या.

एक योगायोग सांगते. इकोचा जन्मच या झडपेसाठी झाला. स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर नावाचे हृदयरोग तज्ज्ञ होते. झडप चिकटलीय की गळतेय हे शस्त्रक्रियेआधी नक्की सांगता यावं ही त्यांची अडचण. त्यांची गाठ पडली कार्ल हेल्मुट हर्ट्झ या भौतिकशास्त्रज्ञाशी, ज्या हाइनरिश हर्ट्झच्या नावाने आपण फ्रीक्वेन्सी मोजतो त्याच्या पुतण्याचा हा मुलगा. जवळच माल्मोच्या जहाज कारखान्यात लोखंडातल्या भेगा शोधायचं अल्ट्रासोनिक यंत्र होतं. हर्ट्झने तसलं सीमेन्सचं यंत्र उसनं मिळवलं आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये दोघांनी हृदयाचे पहिले प्रतिध्वनी टिपले. मेकॅनिकलच्या लॅबमध्ये वेल्डिंग तपासायचं जे यंत्र असतं, त्याचंच हे भावंडं म्हणा ना. पुढे १९७७ मध्ये दोघांना अमेरिकेतलं लास्कर पारितोषिक मिळालं.

आता घरचे रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी, कारण आमच्या कॉरिडॉरमध्ये हे कळल्यापासून माझ्या खोलीत फोटो घेऊन रांग लागते (मी डॉक्टर नाही हो!). 'ट्रिव्हियल एम.आर.' किंवा 'ट्रिव्हियल टी.आर.' दिसलं तर रडू नका. झडप मिटताना किंचित परत येणं हे धडधाकट माणसांतही दिसतं, मशिन फार बारीक बघतं म्हणून ते लिहिलं जातं. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन' म्हणजे कप्पा सैल व्हायला जरा वेळ घेतोय. वय आणि ब्लड प्रेशर यांबरोबर ते येतं. डॉक्टरांना विचारा, प्रेशर सांभाळा. आणि उलट बाजूची चूक जास्त धोक्याची. "बाबांचा इको नॉर्मल आला, म्हणजे ब्लॉकेज नाही" असं आमच्या एका सरांनीही मला सांगितलं. तसं नाही! हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांतले अडथळे साध्या इकोत दिसत नाहीत. भिंतीचा एखादा भाग नीट हलत नसेल तर संशय येतो, पण आराम करताना भिंत छान हलत असली तरी धमनी अरुंद असू शकते. त्यासाठी चालवून केलेला स्ट्रेस इको, ट्रेडमिल, अँजिओग्राफी असे वेगळे रस्ते आहेत. चालताना छातीत दुखत असेल तर 'इको नॉर्मल'चा कागद कपाटात ठेवून गप्प बसू नये.

मावशींचं पुढे असं झालं. झडप फुग्याने उघडता येईल असं ठरलं. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन झडपेत फुगा फुगवतात आणि चिकटलेल्या कडा सुटतात. जपानचे कांजी इनोए यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती काढली, त्याआधी छाती उघडावी लागायची. पण फुगा घालायच्या आधी एक शंका: फुगलेल्या कप्प्याच्या कोपऱ्यात रक्ताची गुठळी तर नाही? असली आणि सुटली तर थेट मेंदूत. साध्या इकोत तो कोपरा नीट दिसत नाही. तो दिसतो अन्ननलिकेतून, कारण ती हृदयाच्या अगदी पाठीला लागून जाते. म्हणजे प्रोब नळीच्या टोकावर बसवून तोंडातून आत!

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "तू म्हनलीवतीस नळी नसती."

या तपासणीला मात्र सहा तास उपाशी राहावं लागतं, कवळी असली तर काढायची, घशात बधिर करणारा फवारा मारतात, दातांत प्लास्टिकचं कडं देतात, आणि हलकं गुंगीचं इंजेक्शन दिलं तर दिलं. डाव्या कुशीवरच झोपायचं. नळी घशातून उतरते तो अर्धा मिनिट वाईट, उमाळा येतो, डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टर "गिळा" म्हणतात तेव्हा गिळायचं आणि नाकाने श्वास घ्यायचा. मी यावेळी बाहेरच होते, हे सगळं मावशींनी सांगितलेलं. नंतर घसा बधिर असेपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही, ठसका लागू शकतो. मावशींना चहा हवा होता, दीड तास तरसल्या. गुठळी नव्हती.

फुग्याचं काम जानेवारीत झालं, सरकारी योजनेत बसलं. रेशन कार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नव्हतं त्यात तीन आठवडे गेले, ती वेगळीच कादंबरी. दुसऱ्या दिवशी परत साधा इको केला: तोंड १.९ चौरस सेंटिमीटर. १.२ वरून १.९! मला माझ्या एस.जी.पी.ए.साठी इतकं बरं वाटलं नव्हतं. "दोन दिस ॲडमिट व्हावं लागलंच की न्हाई?" मावशी म्हणाल्या. थोडक्यात, त्यांनी पहिल्या दिवशी विचारलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या ठरल्या आणि मी सांगितलेल्या दोन्ही खोट्या.

आता दर एकवीस दिवसांनी त्यांना पेनिसिलीनचं इंजेक्शन घ्यायचं असतं, परत तो ताप येऊन झडप चिकटू नये म्हणून. वर्षातून एकदा इको. इंजेक्शन कंबरेत आणि भरपूर दुखतं, एकट्या गेल्या तर टाळतात हे आम्ही ओळखून आहोत. म्हणून मेसमध्ये मेनूच्या फळ्याशेजारी तारखांचा कागद लावलाय आणि समोर खोली नंबर. पुढची तारीख नेमकी पी.एल.मध्ये येते, ज्यांची पाळी आहे त्या घरी असतील. कोणी थांबणार असेल तर कागदावर आपला खोली नंबर लिहून ठेवा. सकाळी नऊची बस, साडेअकरापर्यंत परत. त्या दिवशी पोळ्या नसतात, भात असतो.